निर्माल्येश्वराचं अळू

काशीत जाळण्याला मान आहे, पाण्यात सोडण्याला मान आहे. कुजवण्याला काडीचा मान नाही. आणि माझी सगळी नोकरी कुजवण्यात गेली. इथल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या उद्यान विभागात मी होतो. अगदी माळी नव्हतो आणि अगदी साहेबही नव्हतो, मधल्या पायरीवर होतो. लग्नाकार्यात कोणी विचारलं, "आपण काय करता?" तर मी खरं तेच सांगायचो, खत करतो म्हणून. समोरचा माणूस हळूच ताट उचलून दुसऱ्या पंगतीला जायचा. शेवटी आमच्या सौभाग्यवतीने मला "बॉटनीत असतो" असं सांगायला शिकवलं, तेव्हा कुठे मुलीचं लग्न जमलं.

निवृत्त झाल्यावर दुर्गाघाट, ब्रह्माघाटाकडच्या गल्ल्यांमधून लोक बोलवायला लागले. या गल्ल्यांत मोटार शिरत नाही, ऊन शिरत नाही आणि माती तर औषधालाही सापडत नाही. घरामागे चार हात मोकळी जागा असली तर तिच्यात जुन्या विटा, चुना आणि मागच्या पिढीच्या फुटक्या मोऱ्या. अशा जागी खणून काही होत नाही. तिथे थरांचा वाफा लागतो, आणि तो घालणारा अख्ख्या वस्तीत मी एकटा. त्यामुळे म्हातारपणी माझी बरीच चलती झाली.

थरांचा वाफा म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढची भांडणं कळायची नाहीत. जमिनीला हात लावायचा नाही. खाली पुठ्ठा अंथरायचा, भिजवून, एकावर एक चढवून, म्हणजे खालचं तण वर डोकं काढत नाही. त्यावर वाळकं घालायचं: पालापाचोळा, भुसा, फाडलेल्या पत्रावळी. त्यावर ओलं: भाज्यांची सालं, देठं, फुलं. वर शेणाचा काला. मग पुन्हा वाळकं, पुन्हा ओलं, पुन्हा शेण, आणि शेवटी मातीची पातळ दुलई. वाळकं नेहमी ओल्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर शेजारी भांडायला येतात. ओल कशी, तर पिळलेल्या फडक्यासारखी. जमलं तर आत हात घातल्यावर ऊब लागते, आणि गुडघ्याएवढा ढीग हळूहळू बसत बसत घोट्यावर येतो. मग लावा त्यात काय लावायचं ते.

एक नियम मात्र कायमचा. वाफ्यात पाय घालायचा नाही. पाय पडला की थर दबतात, हवा कोंडते, गांडुळं गाव सोडून जातात. म्हणून वाफ्याची रुंदी अशी ठेवायची की दोन्ही कडांनी बसून मधोमध हात पोचावा. हा नियम मी नोकरीभर घसा कोरडा करून सांगितला. पाट्या लावल्या, दोऱ्या बांधल्या. विद्यार्थी फोटोसाठी वाफ्यात उतरायचे, प्राध्यापक वर्गाला उशीर झाला म्हणून उतरायचे, आणि वृक्षारोपणाला आलेले पाहुणे तर गेल्या वर्षीच्या पाहुण्यांनी लावलेल्या झाडावर उभे राहून यंदाचं झाड लावायचे. माझ्या बोलण्याने एक पाय मागे गेला असेल तर शपथ.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना. एक बाई भाजीची सालं गंगाजलाने धुऊन मगच ढिगात टाकायच्या. मी म्हटलं, बाई, हे कुजवायचंय. त्या म्हणाल्या, कुजू दे ना, पण स्वच्छ कुजू दे. एक निवृत्त बँक मॅनेजर ढिगाशेजारी मोबाइल ठेवून मंत्र लावायचे, खत लवकर व्हावं म्हणून. खत झालं वेळेवर, म्हणजे जेव्हा व्हायचं तेव्हाच. मोबाइल मात्र माकडाने नेला, आणि दोन दिवस समोरच्या गच्चीवरून मंत्र ऐकू येत होते.

पण ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती मथूकाकूंची. आमच्या गल्लीच्या वर एक मराठी यात्रीनिवास आहे. नाव सांगत नाही, कारण त्याचे चिटणीस दिवाळी अंक वाचतात. महाराष्ट्रातून श्राद्धपक्षाला, काशीयात्रेला येणारी मंडळी तिथे उतरतात. तिथल्या स्वयंपाकघरात मथूकाकू आयुष्यभर रांधत आल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, स्वयंपाकघरामागची खोली हेच घर. जन्म दुर्गाघाटावरचा, त्यामुळे मराठी आमचं काशीचं. "अहो भाऊ, मी तर परेशान झाले बघा" हे त्यांचं रोजचं वाक्य, बहुतेक वेळा माकडांना उद्देशून.

गेल्या वर्षी हे यात्रीनिवास चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीस विश्वासराव यांच्या डोक्यात विकास शिरला. हे रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे रिकामी जागा दिसली की तिथे बाकडी मांडावीत असं त्यांना वाटतं. स्वयंपाकघर बंद करायचं, जेवण बाहेरून डब्यात मागवायचं आणि मागच्या परसात चकचकीत फरश्या घालून यात्रेकरूंना फोटो काढायची जागा करायची, असा त्यांचा बेत. स्वयंपाकघर गेलं की काकूंची खोलीही जाणार. त्यांचा पुतण्या नागपूरला असतो, तो बिचारा न्यायला तयार होता. मंडळाला वाटलं, झालं, म्हातारीची सोय लागली.

काकू मला जिन्यात भेटल्या. "भाऊ, मोठमोठी माणसं मरायला काशीत येतात, आणि ही मंडळी मला मरायला नागपूरला पाठवतायत. मी काय पाप केलं?" नागपूर वाईट नाही असं काहीतरी मी पुटपुटलो, ते त्यांनी ऐकलंही नाही.

मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब मनाने मऊ. कोणाचंही शेवटचं बोलणं त्यांना पटतं, म्हणून त्यांच्याकडे शेवटी जावं लागतं. विश्वासराव भेटून गेल्यावर काकू गेल्या. त्या म्हणाल्या, श्राद्धाच्या पानात अळू लागतं. इथल्या बाजारातली अरुईची पानं घशाला खाजतात, आणि डब्यात अळू कोण देणार? कोकणातून आलेल्या एका यात्रेकरूने मला भाजीच्या अळूचे कंद दिलेत. परसात अळू काढून दाखवते. तात्यासाहेबांना वडिलांच्या श्राद्धातलं अळू आठवलं असावं. ते म्हणाले, पितृपक्षापर्यंत बघू. घरचं अळू पानात पडलं तर स्वयंपाकघर राहील, नाही पडलं तर विश्वासरावांच्या फरश्या.

होळी होऊन गेली होती. मी कामाला लागलो. पुठ्ठा साडीच्या दुकानांतून आणला, चकाकीचा कागद आणि चिकटपट्ट्या सोलून. भुसा लाकडी खेळणी करणाऱ्यांकडून. शेणाची ददात काशीत नाही, रस्त्यात चालताना खाली बघितलं की झालं. प्रश्न होता ओल्याचा. एका स्वयंपाकघराच्या सालांनी वाफा भरत नाही. पण आमच्या गल्लीत दर दारामागे खिळ्याला एक पिशवी लटकलेली असते, तिच्यात निर्माल्य. देवावरून उतरलेली फुलं पायदळी येऊ द्यायची नाहीत, म्हणून पूर्वी गंगेत सोडायचे. आता गंगेत टाकू देत नाहीत आणि कचऱ्यात टाकवत नाही, त्यामुळे पिशव्या नुसत्या लटकतात. मी घरोघर सांगितलं, मला द्या. लोकांनी इतक्या आनंदाने दिल्या की एका घरातून पिशवीबरोबर जुना पंचाही आला.

निर्माल्य निवडणं हे किचकट काम. झेंडू छान, गुलाब छान, बेलाचं पान चिवट, ते फाडून घालावं लागतं. दोरे काढायचे, कापराच्या पुड्या काढायच्या, देवाचे फोटो काढून बाजूला ठेवायचे. ते फोटो अजून माझ्याकडेच आहेत, कारण त्यांचं काय करायचं हे मला कोणी सांगितलेलं नाही.

इथे मंडळाला जाग आली. सगळे परसात जमले. मला वाटलं, वास विचारतील, उंदीर विचारतील. त्यांनी विचारलं, निर्माल्य कितव्या थरात? विश्वासराव म्हणाले, सगळ्यात वर, देवावरचं आहे. मी म्हटलं, वर ठेवलं तर वाळेल, कुजणार नाही. तात्यासाहेबांनी शास्त्रीबुवांना बोलावलं. शास्त्रीबुवा विद्वान, शरीराने भरगच्च, आणि यात्रीनिवासातल्या प्रत्येक श्राद्धाला भोजनाला ठरलेले. त्यांनी सांगितलं, वर गोमय असेल तर हरकत नाही, गोमय शुद्ध. पण निर्माल्यावर सालं येता कामा नयेत. मग सालं कोणती यावर गाडी गेली. काकू म्हणाल्या, सालं कच्ची आहेत, खरकटं नाही. मग कांद्याचं साल आहे का, आणि असल्यास चातुर्मासात त्याची स्थिती काय. मग पुठ्ठा कुठला. साडीच्या दुकानातला म्हटल्यावर तात्यासाहेबांचा चेहरा खुलला. साडी रेशमी, म्हणजे पुठ्ठाही सोवळ्यातलाच.

शेवटी थरांची उतरंड ठरली. कोणी कोणाच्या डोक्यावर बसायचं, कोणी कोणाला शिवायचं नाही, सगळं पक्कं झालं. आमच्या समाजाचा तो आवडता उद्योग आहे आणि कचऱ्यातही तो सुटत नाही. मी मान डोलावली आणि कुजायला जे बरं पडेल तसं रचलं. शेणाचा थर वर चढला की खाली कोण कोणाशेजारी आहे हे दिसत नाही, हे आमच्या धंद्यातलं मोठं सुख.

वाफा तापला, बसला, आतून काळा झाला. पावसाच्या तोंडावर काकूंनी कडेला बसून कंद लावले. अळू असं उठलं की विश्वासराव घाबरले. पितृपक्षाची वाट न बघता त्यांनी फरशीवाल्याला मापं घ्यायला आणलं. तो बूट घालून सरळ वाफ्यात उतरला. मी तोंड उघडायच्या आत तात्यासाहेब किंचाळले, "अहो पाय! पाय! खाली निर्माल्य आहे!" माणूस टुणकन बाहेर. कान धरले, बूट काढले, वाफ्याला नमस्कार केला आणि निघून गेला. फरश्या बसल्या की त्यांच्यावरून माणसं चालणार, म्हणजे निर्माल्य पायदळी येणार, हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. माझा नोकरीभराचा नियम अशा रीतीने पहिल्यांदा पाळला गेला. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, पोटात दुखलं. विज्ञान सांगून जे झालं नाही ते चार वाळक्या झेंडूंनी केलं.

आणि इथे काकूंचं तोंड नडलं. दुसऱ्या सकाळी दूधवाला आला. फरशीवाल्याने गल्लीत काय सांगितलं होतं कोण जाणे. तो वाफ्याकडे बघत विचारतो, "का माई, इहाँ कौन देवता हउवन?" काकू माकडांवर वैतागलेल्या. म्हणाल्या, "निर्माल्येश्वर." झालं. काशीत नावाच्या शेवटी ईश्वर लागला की त्याच्यावर लोटाभर पाणी पडलंच म्हणून समजा. दुपारपर्यंत उदबत्त्या आल्या. श्रावण होता, सोमवारी रांग लागली. कुंकू आलं, कलाव्याचा लाल दोरा आला, दूध आलं. दूध म्हणजे वाफ्याचं मरण. आंबून असा वास सुटला की गांडुळं कडेला येऊन बसली. मी हात जोडले, कोणी ऐकेना. शेवटी काकूंनीच बायकांना सांगितलं की हा देव विरक्त आहे, नुसतं पाणी घेतो. ते मात्र पटलं. अळूला पाणी हवंच असतं. पानं सुपाएवढी झाली.

विश्वासराव हुशार माणूस. त्यांनी फरश्यांचा नाद सोडला आणि देवळाचा धरला. भोवती संगमरवरी कठडा, वर छोटा कळस, आणि स्वयंपाकघराच्या जागी प्रसादाची खिडकी. काकूंची खोली चपला ठेवायला. इतके दिवस फरश्यांसाठी भांडणारा माणूस आता येताजाता वाफ्यासमोर डोळे मिटून उभा राहायला लागला. काकू एकदा सुरी घेऊन अळूकडे गेल्या तर रांगेतल्या बायकांनी आरडाओरडा केला. देवाची पानं कापायची नाहीत. विश्वासरावांनी तसं फर्मानच काढलं.

पितृपक्ष लागला. पानात अळू पडलं तरच स्वयंपाकघर, असं तात्यासाहेबांचं वचन. आणि अळू डोळ्यांसमोर डुलतंय पण तोडता येत नाही. काकूंनी ट्रंक भरायला घेतली. पुतण्याचा फोन आला, तिकीट काढू का म्हणून. त्या म्हणाल्या, तात्यासाहेबांच्या वडिलांचं श्राद्ध माझ्या हातचं होऊ दे, मग काढ. मला म्हणाल्या, "जाते भाऊ. माझीच जीभ मेली." त्या दिवशी त्या माकडांनाही काही बोलल्या नाहीत.

श्राद्धाच्या दिवशी मीही होतो. विधी झाला, पानं मांडली. वडे, खीर, आमसुलाची चटणी, कारलं, सगळं जागच्या जागी. शास्त्रीबुवा पाटावर बसले. पानावरून त्यांची नजर डावीकडून उजवीकडे गेली, परत आली आणि एका रिकाम्या जागी थांबली.

"मथूताई, अळू कुठे आहे?"

"परसात आहे," काकू म्हणाल्या. "देव झालंय ते."

तात्यासाहेबांचा चेहरा पडला. वडिलांना अळू फार आवडायचं, आणि वर्षातून एकदा ते जेवायला येणार ते आजच. विश्वासराव घाईने म्हणाले की निर्माल्यावर उगवलेलं आहे, पवित्र आहे, सुरी लावता येणार नाही. मला राहवलं नाही. मी म्हटलं, आता कसलं निर्माल्य, ते कधीच कुजलं, माती झाली. विश्वासराव लगेच वळले. म्हणजे तुम्हीच म्हणता ना माती आहे? मग देऊळही नको, फरश्या घालायला मोकळे. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जमीन दुभंगली असती तर मी खुशाल पोटात गेलो असतो. निर्माल्य म्हणावं तर अळू तोडता येत नाही, माती म्हणावी तर अळूच राहत नाही. दोन्हीकडून नागपूर.

सगळे शास्त्रीबुवांकडे बघायला लागले. शास्त्रीबुवा पानाकडे बघत होते. सकाळपासून पोटात कण नव्हता. वड्यांचा वास येत होता. त्यांनी डोळे मिटले. ते शास्त्र आठवत होते की अळूचं फदफदं, हे मी सांगू शकत नाही. मग शांतपणे म्हणाले:

"पाय ठेवायचा असेल तर ते निर्माल्य. हात घालायचा असेल तर ती माती. जा, अळू तोडून आणा. भाजी शिजेपर्यंत मी आपोशन घेत नाही."

विश्वासराव काहीतरी बोलायला गेले. तात्यासाहेब म्हणाले, "आता गप्प बसा. बाबा थांबलेत." अध्यक्षपदाच्या कारकिर्दीत एवढं ठाम वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

काकूंनी कडेला बसून देठं खुडली. रांगेतल्या दोन बायका होत्या, त्यांना शास्त्रीबुवांचं नाव सांगितल्यावर त्याच पुढे होऊन पानं धरायला लागल्या. डाळ भिजलेली होतीच. अळू नाही हे ठाऊक असून काकूंनी डाळ आणि दाणे भिजत घातले होते, ते कशाला, हे मी विचारलं नाही. भाजी शिजेपर्यंत सगळे पानांसमोर बसून राहिले. वाढल्यावर शास्त्रीबुवांनी तीनदा मागून घेतली. तात्यासाहेबांनी भाताबरोबर पहिला घास घेतला आणि मान खाली घालून बराच वेळ चावत बसले. विश्वासरावांनी आधी नको म्हटलं, मग थोडी वाढा म्हटलं, मग वाटी पुढे केली.

शास्त्रीबुवांचा निर्णय कुठल्या ग्रंथात आहे हे मी अजून विचारलेलं नाही आणि तुम्हीही विचारू नका. माझ्या धंद्याच्या दृष्टीने त्यात कवडीचं तथ्य नाही. वाफा वाचला तो माझ्या थरांमुळे नाही, एका भुकेल्या विद्वानामुळे, आणि ही गोष्ट मला जराशी लागते. पण त्या दिवसापासून वाफ्यात पाय कोणी ठेवत नाही आणि अळू रोज तोडलं जातं. असा वाफा मला विद्यापीठातसुद्धा कधी करता आला नव्हता.

मंडळी हात धुऊन बाहेर पडत होती तेव्हा काकूंच्या पदरात फोन वाजला. पुतण्या होता. काकूंचे दोन्ही हात खरकटे, म्हणून मीच तो धरून त्यांच्या कानाला लावला. तो विचारत होता, तिकीट काढू ना आता?

"काढ," काकू म्हणाल्या. "पण तुझं काढ. तुझ्या बापाची तिथी परवा आहे, इकडे ये. पान मांडून ठेवते."